कारळ्याची पोचट बोंडे आणि फुलांतील सगोत्र-निषेध

पावसाळा ओसरू लागला म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांतील आणि घाटाखाली जव्हार-मोखाड्याकडील डोंगरउतार कारळ्याच्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. नागली आणि वरई यांच्या जोडीने वरकस जमिनीवर येणारे हे पीक. याला कोणी कारळा म्हणतात, कोणी खुरासणी. खत नाही, पाणी नाही, आंतरमशागत बेताची. तरीही त्याच्या तेलावर घरची फोडणी होते, पेंड जनावरांच्या दाव्याला जाते आणि उरलेले बी बाजारात विकून चार रुपये हाती येतात. हा दाणा अमेरिकेत पाखरांचे खाद्य म्हणून जातो, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. केंद्र शासनाने 2025-26 च्या खरीप हंगामासाठी कारळ्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 9,537 रुपये जाहीर केली होती. दर असा असूनही पीक हटत चालले आहे, कारण हेक्टरी तीन-साडेतीन क्विंटलच्या आसपास घोटाळणाऱ्या उत्पन्नात शेतकऱ्याची मजुरीही धड निघत नाही.

शेत फुलांनी पिवळे झालेले असते, परंतु खळ्यावर पीक झोडपले की भरल्या दाण्याबरोबर फोल फार निघतो. दोष पावसाला दिला जातो, हलक्या जमिनीला दिला जातो, अमरवेलीला दिला जातो. ही कारणे खोटी नाहीत. अमरवेलीने तर उभी शेते बसविली आहेत. परंतु फुले उत्तम आली आणि दाणा भरला नाही, असे जेथे घडते तेथे कारण बहुधा फुलातच असते. कारळ्याचे फूल स्वतःच्या झाडाचा पराग घेत नाही. या एका गोष्टीचा विचार आपल्या बियाण्याच्या सल्ल्यात आणि पीक-संरक्षणाच्या सल्ल्यात पुरेसा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम फुलाची रचना पाहू. ज्याला आपण कारळ्याचे एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा गुच्छ होय. कडेला साधारणतः आठ पिवळ्या पाकळ्या दिसतात, ती प्रत्येकी एक-एक मादी-फूल असते; आत चाळीस ते साठ नळीसारखी द्विलिंगी फुले असतात. प्रत्येक लहान फुलात एकच बीजांड, म्हणजे एका फुलास एकच दाणा. आतील फुलात नर आणि मादी अवयव शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा दाणा धरण्यास कोणाचीच गरज पडू नये, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि त्या फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडला, किंवा त्याच झाडावरील दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडला, तरी सामान्यतः बी धरत नाही. शेजारच्या झाडाचा पराग आला तरच धरते, आणि तेही ते झाड ‘परके’ असेल तर. शास्त्रज्ञ या गुणास स्वविसंगती म्हणतात. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे चाळीस ते पन्नास टक्के जातींत हा गुण कोणत्या ना कोणत्या रूपात आढळतो.

आपल्याकडे सगोत्र विवाह न करण्याची रूढी आहे. तिचे सामाजिक बरेवाईट येथे बोलावयाचे नाही, परंतु दृष्टान्त म्हणून ती फार सोयीची आहे. वनस्पतींतही अशी गोत्रे असतात असे समजावे. फरक इतकाच की, माणसाला गोत्र एक आणि तेही बापाकडून मिळते. झाडाला दोन मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. येणाऱ्या परागाचे गोत्र आणि कुक्षीचे गोत्र एक निघाले की परागास नकार मिळतो. झाडाचा स्वतःचा पराग तर दोन्ही गोत्रांनी सारखाच. म्हणून त्याला प्रवेश नाही.

हा नकार फूल देते तरी कसे? इंग्लंडमधील चार्ल्स डार्विन यांनी वर्षानुवर्षे अनेक जातींवर प्रयोग करून 1876 मध्ये स्वपराग आणि परपराग यांच्या परिणामांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परपरागाची संतती बहुधा जोमदार निपजते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. अमेरिकेत ईस्ट आणि मँगेल्सडॉर्फ यांनी 1925 मध्ये तंबाखूच्या कुळातील झाडांवर काम करून दाखविले की, हा नकार आनुवंशिक असून त्याचे सूत्र गुणसूत्रावरील एका ठिकाणी आहे आणि त्या ठिकाणची जनुके अनेक रूपांत आढळतात. आपण ज्याला गोत्र म्हटले ते हेच रूप. आपल्या देशातील कामाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दिल्ली विद्यापीठातील एन. एस. रंगस्वामी आणि के. आर. शिवण्णा यांनी 1967 मध्ये पेट्युनियाच्या स्वपराग नाकारणाऱ्या एका जातीत कुक्षी व तिचा देठ टाळून पराग काचपात्रात थेट बीजांडांजवळ ठेविला, आणि बी धरले. बीजांडाची तक्रार नव्हती. वाट अडविणारा पहारेकरी वर बसला होता, हे त्यावरून स्पष्ट झाले.

त्या पहारेकऱ्याची ओळख गेल्या चाळीस वर्षांत रेणूंच्या पातळीवर पटली आहे. सर्वांत स्वच्छ उलगडा झाला तो मोहरी-कोबीच्या कुळात, अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील नसरल्ला दांपत्य आणि जपानमधील संशोधक यांच्या कामातून. या कुळात कुक्षीच्या पेशींवर एक ग्राही प्रथिन असते; ते 1991 मध्ये कळले. परागकणाच्या बाहेरील लेपात पन्नास-साठ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन असते; ते 1999 आणि 2000 मधील संशोधनाने कळले. दोन्ही प्रथिनांची जनुके गुणसूत्रावर एकमेकांलगत असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच उतरतात. एकाच गोत्राचे परागप्रथिन आणि ग्राही प्रथिन असेल तर ती दोन्ही एकमेकांत किल्ली-कुलपासारखी बसतात. परंतु येथील कुलूप उलटे आहे. किल्ली लागली की दार बंद होते. कुक्षीच्या पेशीत आतवर सूचना जाते आणि त्या परागकणास पाणी मिळत नाही. कोरडा परागकण अंकुरत नाही. किल्ली बसली नाही तर परागकण ओलावतो, त्यातून नलिका निघते, ती बीजांडापर्यंत जाते आणि बी धरते. हे दोन रेणू पुरेसे आहेत याचा पुरावा 2002 मध्ये मिळाला. ॲराबिडॉप्सिस नावाचे मोहरीच्या कुळातील एक लहानसे तण स्वपरागाने बी धरते. त्यात त्याच्या भाऊबंद जातीतील ही दोन जनुके घालताच ते स्वतःचा पराग नाकारू लागले.

सर्वच कुळांत हीच तऱ्हा आहे असे समजू नये. सफरचंद, नासपती, पेट्युनिया यांत परागनलिका निघते, कुक्षीच्या देठात काही अंतर उतरते, आणि मग तेथील एक विकर तिच्यातील रायबोन्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करून तिला वाटेतच थांबविते. खसखशीच्या कुळात तर अशी सूचना मिळते की, परागनलिकेची पेशी स्वतःच स्वतःचा अंत करते. निसर्गाने एकच हेतू निरनिराळ्या कुळांत निरनिराळ्या हत्यारांनी साधला आहे. कारळ्याचे कूळ सूर्यफुलाचे. त्याचे रेणू मोहरीचेच असतील असे नव्हे. परंतु एक महत्त्वाची गोष्ट दोघांत समान आहे. परागकणाची ओळख त्याच्या स्वतःच्या अर्ध्या वारशावरून ठरत नाही, ती ज्या झाडावर तो तयार झाला त्या झाडावरून ठरते. म्हणजे प्रत्येक परागकण आपल्या झाडाची दोन्ही गोत्रे अंगावर वागवितो. काही वेळा एक गोत्र दुसऱ्यास झाकते, तो तपशील येथे सोडून देऊ.

आता हे शास्त्र खळ्यावर आणून पाहावयाचे आहे. समजा एका शेतकऱ्याने शेतातील सर्वांत मोठे, सर्वांत फांद्या फुटलेले एकच झाड निवडले आणि पुढील वर्षी त्याच्या बियाण्यावर शेत पेरले. त्या झाडाची गोत्रे ‘क’ आणि ‘ख’ अशी धरू. त्याच्या प्रत्येक लेकराला आईकडून एकतर ‘क’ मिळेल नाहीतर ‘ख’. पुढील वर्षी शेजारी उभी राहिलेली कोणतीही दोन झाडे घेतली, तर निम्म्या जोड्यांत दोघांचे आईकडील गोत्र एकच निघेल. एक गोत्र दुसऱ्यास झाकीत नाही असे धरले, तर अशा निम्म्या जोड्या एकमेकांना नकार देतील. बापाकडील गोत्रे जुळली तर त्याहूनही अधिक. शेत दिसावयास हिरवेगार, झाडे एकसारखी उंच, फुलोरा भरघोस, आणि निम्मे शेजारी एकमेकांचे सगोत्र!

याचा अर्थ उत्पन्न तडक निम्म्यावर येईल असा नाही. मधमाशी एका फुलावर येते तेव्हा तिच्या अंगावर पुष्कळ झाडांचा पराग असतो आणि एका बीजांडास एकच योग्य परागकण पुरतो. भरपूर माश्या असतील तर सगोत्र शेजाऱ्यांतूनही वाट निघते. परंतु माश्या थोड्या आणि गोत्रेही थोडी, असे झाले की दोन्ही उणिवा एकमेकींस वाढवितात. फुलावर दिवसभरात एखादीच माशी आली आणि तिने आणलेला पराग भाऊबंदांचाच असला, तर ते फूल फोल जाते. माझ्या मते आपल्या डोंगराळ भागात नेमके हेच होत आहे.

यातील बियाण्याची बाजू आधी घेतो, कारण तेथे कार्यकर्त्यांशी माझा मतभेद आहे. भात, गहू, भुईमूग, सोयाबीन, हरभरा ही पिके मुख्यतः स्वपरागाने बी धरतात. त्यांत एक उत्तम लोंबी किंवा एक उत्तम झाड निवडून त्याचे बी वाढविणे हा शुद्ध बियाण्याचा राजमार्ग होय. भातशेतीत मुरलेला कार्यकर्ता तोच सल्ला सवयीने कारळ्यालाही देतो: एकच जोमदार झाड राखून ठेवा, त्याचेच बी धरा. शेतकऱ्याने हा सल्ला दोन-तीन वर्षे निष्ठेने पाळला तर त्याच्या शेतातील गोत्रे आटत जातात. उलट, जी आदिवासी गृहिणी संपूर्ण खळ्यावरील मळणीतून दोन पायली बी उचलून गाडग्यात ठेवते, आणि पेरणीच्या वेळी कमी पडले तर शेजारच्या पाड्यावरून मागून आणून त्यात मिसळते, तिच्या हातून शास्त्राला धरूनच काम होत असते. तिच्या बियाण्यास भेसळीचे म्हणून नावे ठेवण्याआधी पीक कोणते आहे याचा विचार झाला पाहिजे. कारळ्यात भेसळ ही एका मर्यादेपर्यंत पिकाची गरजच आहे.

याचा अर्थ निवड करूच नये असा कोणी घेऊ नये. निवड अवश्य करावी, परंतु ती शंभराच्या खाली नको इतक्या झाडांतून, आणि शेताच्या सर्व कोपऱ्यांतून करावी. अमरवेल लागलेली व खुरटी झाडे वगळावीत आणि उरलेल्या चांगल्या झाडांचे बी एकत्र मिसळावे. इगतपुरी येथील संशोधन केंद्राच्या सह्याद्रीसारख्या सुधारित वाणांचे बियाणे आणले तरी पुढे घरचे बी राखताना हाच नियम लागू आहे. जो वाण अनेक झाडांच्या समूहातून तयार झाला, तो एका झाडाच्या चिमटीत सापडत नाही.

दुसरी बाजू मधमाशीची. कारळ्याचा पराग चिकट आणि जड. तो वाऱ्याने फारसा उडत नाही. त्यास वाहून नेणारे म्हणजे सातेरी, आग्या, फुलोरी या आपल्या देशी माश्या आणि इतर काही कीटक. सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरीच्या वसाहती पावसाळ्यात उपासमारीने अशक्त होतात आणि पाऊस संपताच फुलणाऱ्या कारळ्यासारख्या पिकांवर पुन्हा बाळसे धरतात. म्हणजे पिकास माशी हवी आणि माशीस पीक हवे. आपण मात्र दोघांची ताटातूट करीत आहोत. सातेरी जुन्या झाडांच्या ढोलीत राहते, ती झाडे तुटली. आग्याचे पोळे पलिते लावून जाळून मध काढण्याची रीत अजून सुटलेली नाही. त्यात मध थोडा मिळतो आणि हजारो माश्या अंड्या-पिलांसह जळतात. भर म्हणून टोमॅटो आणि इतर भाजीपाल्यावरील फवारणी ऐन सकाळी, माश्या कामावर असताना होते. कारळ्यावर औषध कोणीच मारीत नाही, परंतु माशी सर्व्हे नंबरची हद्द ओळखीत नाही.

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाचे बागाईतदार फुलोऱ्याच्या वेळी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, आणि बागेत परक्या जातीची झाडे मुद्दाम लावतात. सफरचंद स्वपराग नाकारते, हे त्यांना खिशाच्या अनुभवाने पटलेले आहे. कारळ्याचा शेतकरी गरीब आहे, म्हणून त्याच्या पिकाचा नकार काही कमी होत नाही. खतासाठी आणि बियाण्यासाठी आपण योजना आखतो. मग हेक्टरी तीन ते पाच पेट्या फुलोऱ्यापुरत्या शेताच्या कडेला ठेवण्याचा खर्चही त्याच यादीत का नसावा? मधमाशी-पालनाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था पुण्यात 1962 पासून आहे. महाबळेश्वरजवळील मांघर हे 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. माशीकडे आजवर मध देणारी म्हणून पाहिले गेले. कारळ्याच्या पट्ट्यात तिच्याकडे दाणा भरणारी म्हणून पाहावे आणि मध वरकड समजावा, असे माझे म्हणणे आहे.

येथे एक आक्षेप निघेल. फूल स्वपराग नाकारते तर न नाकारणारे कारळेच का तयार करू नये? आक्षेप रास्त आहे. सूर्यफुलाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. सुमारे 1970 नंतर आपल्याकडे रशियन वाण आले तेव्हा दाणे पोचट राहण्याची तक्रार सर्वत्र होती आणि फुलांवरून हाताने मऊ कापड फिरविण्याची शिफारस करावी लागे. पुढे 1980 मध्ये बंगळूरहून देशातील पहिले संकरित सूर्यफूल बाहेर पडले. स्वपराग अधिक स्वीकारणारे संकरित वाण पसरले आणि ती तक्रार पुष्कळ कमी झाली. कारळ्यातही अशी झाडे निवडण्याचे काम स्वीडनमधील कृषी विद्यापीठात झाले असून त्याचा वृत्तान्त 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. हे संशोधन आपल्याकडेही व्हावे. परंतु त्याच्या आशेवर आजची पेरणी ठेवता येत नाही. शिवाय सूर्यफूल बहुतांशी चांगल्या जमिनीवर येते. कारळा मुरमाड उतारावर, लहरी पावसाखाली येतो. तेथे शेतातील झाडे एकमेकांहून थोडी निराळी असणे हाच शेतकऱ्याचा विमा होय. स्वपरागी वाण आला तर तो कोणत्या जमिनीवर द्यावयाचा, हे फार जपून ठरवावे लागेल. आणि सूर्यफुलाच्या स्वपरागी वाणांतही माश्या आल्या म्हणजे दाणा अधिक भरतो, हे विसरता येत नाही.

कार्यकर्त्यांनी हे सर्व शेतकऱ्यांस तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवावे. प्रयोगास खर्च नाही. गुच्छ उमलण्याच्या आदल्या दिवशी दहा झाडांवर एकेका गुच्छावर पातळ मलमलीची पिशवी सैलसर बांधावी आणि त्याच झाडांवर तितकेच गुच्छ दोऱ्याची खूण करून उघडे ठेवावेत. पिशवीतील काही गुच्छांवर त्याच झाडाच्या फुलांचा पराग हाताने घासावा, काहींवर दूरच्या झाडाचा घासावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. बोंडे वाळली म्हणजे शेतकऱ्यांच्या देखतच, घोंगडीवर, चारी प्रकारांतील भरलेले आणि फोल दाणे वेगवेगळे मोजावेत. आपल्याच झाडाचा पराग घासलेली बोंडे जवळजवळ रिकामी निघतील, परक्याच्या परागाची भरलेली निघतील. आणि उघड्या बोंडांत जितके फोल असतील तितकी त्या शिवारातील माश्यांची व बियाण्याची उणीव समजावी. शेजारच्या दोन पाड्यांवर हाच प्रयोग केला आणि दोन्हीकडील आकडे एका पाटीवर लिहिले, तर कोणत्या पाड्यास पेटीची गरज अधिक आहे आणि कोणत्या पाड्याने दुसऱ्याकडून पायलीभर बी बदलून घ्यावे, हे त्याच बैठकीत ठरविता येईल. पिशव्या सप्टेंबरच्या अखेरीस तयार असाव्यात, कारण लवकर पेरलेली शेते त्या सुमारास कळीवर येतात.